जात्यापाशीं उघडलेली रोजनिशी



रोजनिशी म्हटली कीं सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. रात्रीचीं जेवणें आटोपलीं आहेत, मुलेंबाळें निजलीं आहेत आणि दिव्याजवळ बसून कोणी गृहस्थ किंवा गृहिणी दिवसाचा जमाखर्च लिहीत आहे. पैशांचा नव्हे, मनाचा. कोणावर जीव जडला, कोणाच्या एका शब्दानें मन दुखावलें, कोणाची आठवण दिवसभर पाठ सोडीना, हें सारें त्या वहींत उतरतें आणि वही कुलुपांत जाते. प्रेमाविषयीं माणूस जें कोणाजवळ बोलत नाहीं, तें तो रोजनिशीजवळ बोलतो.

परंतु ज्यांच्या हातीं लेखणी कधीं आलीच नाहीं, त्यांनीं आपल्या मनांतली माया कोठें नोंदवून ठेविली? आपल्या देशांत शेंकडों वर्षें बहुसंख्य स्त्रिया निरक्षर राहिल्या. त्यांना प्रेम होतें, विरह होता, रुसवा होता, आणि या सर्वांविषयींचा विचारहि होता. मग तो विचार वाऱ्यावर विरून गेला काय? या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्राच्या अगदीं पूर्वेकडील एका जिल्ह्याच्या आधारें शोधून पाहूं. तो जिल्हा म्हणजे भंडारा.

वैनगंगेच्या कांठचा हा मुलूख भाताचा आणि तलावांचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या प्रदेशाला लोक 'झाडीपट्टी' म्हणतात. गोंदिया जिल्हा १९९९ सालीं भंडाऱ्यांतूनच वेगळा झाला. येथील बोलीचें नांवहि झाडीबोलीच. तींत 'पाणी'चें 'पानी' होतें आणि 'डोळ्या'चा 'डोरा' होतो. पुणें-मुंबईच्या कानाला ती प्रथम परकी वाटते. पण दोन घटका ऐकली कीं तिच्यांतला गोडवा आपोआप कळूं लागतो.

या जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या घरची पहांट डोळ्यांपुढें आणावी. कोंबडा नुकताच आरवला आहे. पडवींत जात्याजवळ सासुरवाशीण येऊन बसते. समोर जाऊ किंवा नणंद. दोघींचा हात एकाच खुंट्यावर. कधीं ज्वारीचें पीठ दळावयाचें असतें, कधीं या भागांत भरपूर पिकणारी लाखोळी भरडावयाची असते. भात कांडावयाचें असलें तर उखळ आणि मुसळ. घरांतील वडील माणसें अजून झोंपेंत आहेत. दिवसभरांत हाच एक तास असा, कीं ज्यांत तिला हटकणारें कोणी नाहीं. जात्याची घरघर सुरू होते आणि त्या घरघरीच्या आड तिचा कंठ फुटतो. पहिली ओवी देवाची, दुसरी आईबापांची, आणि मग हळूहळू तिची स्वतःची. ही तिची रोजनिशी. पानें नाहींत, शाई नाहीं. पण नेम मात्र असा, कीं वहीवाल्याला लाज वाटावी. कारण वहीवाला कंटाळला तर चार दिवस लिहीत नाहीं. दळण मात्र चुकविण्याची सोय नव्हती.

ही चाल किती जुनी आहे? चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, असा उल्लेख त्यांत सांपडतो. म्हणजे ज्ञानेश्वरी १२९० सालीं लिहिली गेली, त्याच्या दीडशें वर्षें आधींपासून ओवी बायकांच्या ओंठीं नांदत होती. ज्ञानदेवांनीं जो छंद तत्त्वज्ञानासाठीं उचलला, तो उखळाजवळ आणि जात्याजवळ आधींच सिद्ध झालेला होता. त्याहूनहि मागें जावें तर सातवाहन राजा हाल याच्या नांवानें प्रसिद्ध असलेली 'गाथासप्तशती' आहे. महाराष्ट्री प्राकृतांतील सातशें गाथांचा हा संग्रह बव्हंशीं खेड्यांतील स्त्रीपुरुषांच्या प्रेमाविषयीं आहे. राजानें आपल्या पदरचें काव्य रचण्याऐवजीं सामान्यांच्या मनांतल्या गोष्टी वेंचल्या, आणि त्याचें नांव आजतागायत टिकलें तें त्या वेंचण्यामुळेंच.

आतां या जात्यावरील रोजनिशींत प्रेम कोणत्या रूपानें येतें तें पाहूं. शहरी वाचक 'प्रेम' हा शब्द वाचतांच कादंबरींतील नायक-नायिकांकडे वळतो. जात्यावर तसें होत नाहीं. तेथें पहिला मान आईचा. लेक सासरीं गेली कीं आईच्या मायेची किंमत तिला कळूं लागते, आणि ती दर पहांटे त्या मायेला नव्या नव्या उपमा शोधीत राहते. दुसरा मान भावाचा. वाटेकडे डोळे लावणें, मुऱ्हाळी येणार म्हणून अंगण सारविणें, आला तर काय रांधावें आणि न आला तर शेजारणींना काय सांगावें, हा विषय ओव्यांत इतका येतो, कीं जणूं सासर आणि माहेर यांमधील साऱ्या वाटा भावाच्या पावलांनींच मळलेल्या आहेत. नंतर मुलगा, मुलगी, मैत्रीण. आणि त्यांच्याच जोडीला सखा पांडुरंग.

आणि पति? तो येतो, पण संकोचानें येतो. ज्याचें नांव चारचौघांत उच्चारूं नये, त्याच्याविषयीं उघड बोलावें कसें? म्हणून ती कुंकवाचें बोलते, मंगळसूत्राचें बोलते, दारांतल्या बैलजोडीचें बोलते आणि ऐकणारीला उमज पडते. हाच संकोच उखाण्यांत खेळकर रूप घेतो. उखाण्यांतील यमक गांवाचें असतें, सर्वांच्या पाठचें असतें. त्यांत बसविलेलें एक नांव तेवढें तिचें असतें. सर्वांच्या मालकीच्या सांच्यांत आपली एकटीची गोष्ट ओतावयाची, ही युक्ति या मंडळींना फार पूर्वीं साधलेली होती.

आणि ओवीचें मर्म नेमकें याच युक्तींत आहे. वहींतली रोजनिशी एकाची राहते. जात्यावरची रोजनिशी उच्चारतांच दुसरीची होते. समोर बसलेली जाऊ ती ओवी ऐकते. तिच्याहि भावानें यंदा दिवाळीला येणें केलेलें नसतें. ती तीच ओवी उचलते, भावाचें आणि गांवाचें नांव बदलते, शेवटचा शब्द आपल्या मनासारखा फिरविते. पुढें ती माहेरीं जाते तेव्हां ती ओवी तिच्याबरोबर जाते. पांच गांवें फिरून आल्यावर मूळची कोणाची हें कोणालाच सांगतां येत नाहीं. लोक म्हणतात, लोकगीताला कर्ता नसतो. खरें पाहतां त्याला कर्त्या फार असतात; इतक्या, कीं कोणा एकीचें नांव लावणें अन्यायाचें ठरावें.

भंडाऱ्यासारख्या भाताच्या मुलखांत ही देवघेव घराच्या भिंती ओलांडून जाते. आषाढाचा पाऊस धरला कीं रोवणी सुरू होते. बांधींत गुडघाभर चिखल, पाठीवर पावसाची सर, हातांत पऱ्ह्यांची जुडी, आणि वीस-पंचवीस बाया एका ओळींत वांकलेल्या. एकीनें गाणें उचलावें, बाकीच्यांनीं तें धरावें. जें पहांटे दोघींनीं ऐकलें होतें, तें दुपारीं साऱ्या बांधींत पसरतें. कमरेच्या कळा त्यानें जात नाहींत. पण वेळ सरतो आणि हात एका तालांत चालतात.

मग दिवाळी येते. भाऊबीज सरली कीं झाडीपट्टींत मंडईचे दिवस सुरू होतात. भाजीपाल्याचा रोजचा बाजार असा त्या शब्दाचा येथील अर्थ नव्हे. प्रत्येक गांव आपल्या मंडईचा दिवस ठरवितें. त्या दिवशीं गोवारी बांधवांची ढाल वाजत-गाजत निघते, शिंगाड्यांचीं व उसाचीं दुकानें मांडलीं जातात, घरोघरीं पाहुणे उतरतात. लेकीबाळी माहेरीं येतात, आणि मुलामुलींच्या सोयरिकींची पहिली बोलणीं पुष्कळदां याच गर्दींत निघतात. रात्रीं दंडार उभी राहते. ढोलकी आणि टाळ यांच्या साथीवर गांवांतलेच शेतकरी, मजूर, कारागीर नाचतात, गातात, सोंगें घेतात. स्त्रीभूमिका परंपरेनें पुरुषच करीत आले. त्याच सुमारास खडी गंमत रंगते आणि दाटून आलेली थंडी विसरून लोक पहांटेपर्यंत बसून राहतात. याच मातींतून पुढें झाडीपट्टीचीं रात्र रात्र चालणारीं नाटकें वाढलीं. गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा हें त्यांच्या मंडळ्यांचें केंद्र झालें. या रंगभूमीवर आयुष्य वेंचलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली.

या खेळांतले विषय पाहिले म्हणजे जात्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. भावाबहिणींची ताटातूट, सासुरवास, म्हातारपणीं मुलानें टाकलेली आई, गरिबींत टिकलेलें नवराबायकोचें सख्य. शहरांतला टीकाकार याला भडक म्हणेल. कधीं तें भडक असतेंहि. पण मंडपांत पुढें बसलेल्या बाया पदरानें डोळे टिपतात, तेव्हां त्या परक्याच्या दुःखावर रडत नसतात. ज्या गोष्टी एकेकीनें अंधारांत दळतां दळतां स्वतःशीं म्हटल्या, त्या उजेडांत साऱ्या गांवासमोर उभ्या राहिलेल्या त्या पाहतात. एकटीचें दुःख एकटीचेंच नव्हतें, हें कळणें हाच मोठा दिलासा आहे. अशा वेळीं कलेनें आणखी काय करावें?

पवनी हें भंडारा जिल्ह्यांतील फार पुरातन नगर. तेथें १९६९-७० च्या सुमारास उत्खनन होऊन प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उघडे झाले. त्यांतील दगडांवर दान देणाऱ्या माणसांचीं नांवें ब्राह्मी लिपींत कोरलेलीं आहेत. कोणी एका राजानें सारा स्तूप उभारला असें नव्हे. ज्याला जेवढें झेपलें तेवढा दगड त्यानें दिला. ओव्यांचा संभार असाच रचला गेला. भेद एवढाच, कीं दगडावरचीं नांवें दोन हजार वर्षें टिकलीं आणि ओवी म्हणणाऱ्यांचीं नांवें त्यांच्याबरोबरच गेलीं.

केवळ घरच्या माणसांपुरतेंच हें प्रेम थांबलें नाहीं. १९५४ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यांतून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे होते. त्या निवडणुकींत त्यांचा पराभव झाला. परंतु महाराष्ट्रांतील दलित स्त्रियांच्या ओव्यांत त्यांना जें स्थान मिळालें, तें मतपेटीच्या निकालावर अवलंबून नव्हतें. देवाच्या ठिकाणीं, पित्याच्या ठिकाणीं, पाठीराख्या भावाच्या ठिकाणीं त्यांना मानून स्त्रियांनीं जात्यावर त्यांचें नांव गायिलें. जी जागा भावासाठीं राखलेली होती, तेथें नेता येऊन बसला. सामान्य स्त्रीच्या रोजनिशींत इतिहास उतरतो तो असा.

यानंतर गांवोगांव चक्की आली. आधीं तेलाच्या इंजिनावर, मग विजेवर. भात कांडण्याला गिरणी आली. पीठ करावयाला जो तास लागे, तो आतां डबा ठेवून येण्यापुरता उरला. येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जातें ओढणें हें काबाडकष्ट होतें. बाळंतीण उठली नाहीं तोंच तिला जात्यावर बसविणारीं घरें होतीं. तळहाताचे फोड आणि दंडाची कळ ओव्यांतच नमूद आहे. तें दळण बायकांच्या पाठीवरून उतरलें हें उत्तमच झालें. जात्याच्या आठवणीनें उसासे टाकणारे बहुतेक पुरुष असतात, आणि त्यांतील फारच थोड्यांनीं जात्याचा खुंटा हातीं धरलेला असतो. तेव्हां जातें परत यावें असें कोणी म्हणूं नये.

पण जातें गेलें तेव्हां त्याबरोबर तो पहांटेचा तासहि गेला. कष्ट जाण्याबद्दल दुःख नाहीं. त्या कष्टांत निर्माण झालेला विचार नोंदल्यावांचून जावा, ही हळहळ आहे. ज्या म्हातारीच्या पाठांत हजार ओव्या होत्या, ती गेली म्हणजे हजार पानांची वही जळाली. आणि जळतांना धूरहि दिसला नाहीं, म्हणून कोणी धांवलें नाहीं.

कांहीं थोडे धांवले, त्यांचें ऋण मोठें आहे. साने गुरुजींनीं घराघरांतून ओव्या गोळा करून १९४० च्या सुमारास 'स्त्री-जीवन' प्रसिद्ध केलें. खानदेशांत बहिणाबाई चौधरी शेतांत आणि जात्याजवळ गात होत्या. त्यांना लिहितां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं मुलगा सोपानदेव आणि घरांतील एक नातलग टिपून ठेवीत. बहिणाबाई १९५१ सालीं वारल्या आणि आचार्य अत्र्यांच्या आग्रहानें १९५२ सालीं तो संग्रह छापून निघाला. घरांतल्या मुलानें वही काढली नसती तर मराठी कवितेचें केवढें धन मातींत गेलें असतें! पुढें १९८० नंतरच्या काळांत पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समध्यें जन्मून भारतीय झालेले गी प्वातवँ यांनीं मावळ-मुळशीच्या डोंगरी गांवांपासून आरंभ करून सहकाऱ्यांसह १,००,००० हून अधिक ओव्या जमविल्या. म्हणणारीचें नांव आणि गांव लिहून ठेवण्याची दक्षता त्यांनीं घेतली, ही त्यांतील विशेष गोष्ट. भंडारा जिल्ह्यांत साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला आणि दंडारीचा अभ्यास केला. 'अशुद्ध' म्हणून ज्या बोलीला शाळेंत छडी मिळे, तिला तिचें वाङ्मय दाखवून देणें हें धैर्याचें काम होतें.

येथें एक आक्षेप विचारांत घेणें योग्य. कोणी म्हणेल, ओव्यांत सारें ठरीव आहे. तीच आई, तोच भाऊ, तीच वाट. यांत व्यक्तीचें मन कोठें? आक्षेप अर्धा खरा आहे. चरणाचा आरंभ पुष्कळदां ठरीवच असतो. पण विहिरीचा दोर सर्वांचा एक असला तरी प्रत्येकीची घागर वेगळी भरते. ठरीव आरंभानें भीड चेपते. मग पुढच्या चरणांत ती आपलें बोलते. भाऊ आला नाहीं याचा दोष कोणी भावजयीला देते, कोणी पावसाला, कोणी दुष्काळाला, आणि एखादी स्वतःच्या नशिबाला. या चार उत्तरांत चार स्त्रिया वेगळ्या ओळखूं येतात. शिवाय माया आणि तक्रार तेथें शेजारी शेजारी बसतात. ज्या सासूचा जाच सांगितला, तिच्याच आजारपणाची काळजी पुढच्या ओवींत असते. प्रेमाविषयीं इतका प्रामाणिक जबाब कुलूपबंद वहींतहि विरळा.

मग सुशिक्षित कुटुंबांनीं काय करावें? काम मोठें नाहीं. ज्या घरांत आजी, मावशी, आत्या किंवा जुनी मोलकरीण आहे, त्या घरीं एका दुपारीं तिच्याजवळ बसावें. एकदम 'ओव्या म्हणा' असें फर्मावूं नये. त्यानें म्हातारी लाजते आणि 'आतां कांहीं आठवत नाहीं' म्हणून उठून जाते. लग्नाची, माहेरच्या वाटेची, पहिल्या दिवाळीची गोष्ट काढावी. सुपांत थोडे धान्य असलें तर अधिक बरें. हात हलूं लागले कीं शब्द येतात. जें येईल तें तसेंच लिहावें. ती 'पानी' म्हणाली तर 'पाणी' करूं नये. मोडका वाटलेला चरण जोडूं नये. तिची हरकत नसेल तर तिचें नांव, गांव आणि तारीख खालीं घालावी. आणि शेवटीं तें लिहिलेलें घरांतल्या सर्वांसमोर तिलाच वाचून दाखवावें. आपलें बोलणें कागदावर बसलें आणि घर तें कान देऊन ऐकत आहे, हें तिच्या उभ्या आयुष्यांत बहुधा प्रथमच घडत असेल.

अशा दहा घरच्या दहा वह्या एकत्र आल्या तर एखाद्या वाचनालयाला किंवा महिला मंडळाला त्यांतून एक संध्याकाळ उभी करतां येईल: कोणी वाचील, कोणी जुन्या चालीवर म्हणेल, मुलें त्यावर लहानसा प्रवेश बसवितील. त्यासाठीं रंगीत पडदे लागत नाहींत. मंडईच्या रात्रीं झाडीपट्टीला कोठें लागत होते?

दिवस हातचे जात आहेत. ज्यांनीं पहांटे उठून जातें ओढलें, त्या पिढींतल्या स्त्रिया आतां थकल्या आहेत, आणि त्यांच्या मागून येणारीला ओवी ऐकून ठाऊक आहे, म्हणतां येत नाहीं. घरांतला रेडिओ बंद झाल्यावर क्षणभर शांतता होईल. त्या शांततेंत आंतल्या खोलींतून एखाद्या म्हातारीचें गुणगुणणें कानीं आलें, तर उठून एक कोरी वही घ्यावी आणि तिच्याजवळ जाऊन बसावें.